रंगचक्राची कुळकथा

ताथवड्याच्या शाळांत चित्रकलेच्या तासाला कंपासने वर्तुळ आखून, त्याचे बारा भाग पाडून, त्यांत लाल, पिवळा व निळा हे मूळ रंग समान अंतरावर बसवावयाचे आणि उरलेली घरे त्यांच्या मिश्रणांनी भरावयाची, हा शिरस्ता इतका रुळला आहे, की वर्तुळ हा जणू रंगांचा उपजत आकारच असावा, असे विद्यार्थ्यास आणि पुष्कळदा शिक्षकासही वाटते.

मिश्रणाचे ज्ञान मात्र या चक्राहून कितीतरी प्राचीन आहे. नटांच्या रंगभूषेचा विचार करताना भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात श्वेत, नील, पीत व रक्त असे चार स्वाभाविक वर्ण मानले असून, पीत-नीलाच्या योगाने हरित, रक्त-पीताने गौर, नील-रक्ताने काषाय, तर श्वेतात नील मिळविल्यास कापोत आणि रक्त मिळविल्यास पद्म, अशी संयोगांची फर्दच दिलेली आहे. तीत वर्तुळ नाही. आणि पांढऱ्यास इतर तिघांच्या पंक्तीचा मान आहे.

वर्तुळ आले ते न्यूटनकडून. लोलकातून निघालेला वर्णपट हा वास्तविक सरळ पट्टा. त्याचे एक टोक तांबडे, दुसरे जांभळे. १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिक्स’ ग्रंथात न्यूटनने ही टोके वाकवून परस्परांस जोडली, परिघाचे संगीतातील स्वरांतरांच्या प्रमाणात सात असमान भाग केले आणि केंद्रस्थानी शुभ्र प्रकाश मुक्रर केला. सप्तकाचा हा मोह शास्त्रापेक्षा रसिकतेचाच अधिक म्हणावा लागेल. परंतु वर्तुळाची युक्ती मात्र चांगलीच ठसली.

न्यूटनचे चक्र प्रकाशाचे होते. वाटीतल्या रंगद्रव्याचा कायदा निराळा. तीन शाईंच्या छपाईचा उद्योग ल ब्लों नावाचा मुद्रक अठराव्या शतकाच्या आरंभी करीतच होता. त्याच शतकात, सुमारे १७७० साली, कीटकांची चित्रे काढणाऱ्या मोझेस हॅरिस या इंग्रज कारागिराने लाल, पिवळा व निळा यांवर उभारलेले अठरा वर्णांचे चक्र छापले. शाळकरी चक्राचा खरा मूळपुरुष हाच. बारा घरांची जी आकृती आज सर्वत्र दिसते, तिला पुढे योहानेस इटेनने, बाउहाउस या कलाशाळेतील अध्यापनातून आणि १९६१ च्या आपल्या ग्रंथातून, जगभर प्रतिष्ठा मिळवून दिली.

महाराष्ट्रात चित्रकलेच्या पाश्चात्त्य तालमीस १८५७ साली मुंबईत निघालेल्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेने बैठक दिली. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या सरकारी परीक्षांनी ती तालीम गावोगावच्या शाळांत नेली. आणि दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईपासून आरंभिलेल्या उद्योगाने पुढे ‘कॅमल’च्या रंगपेट्या मुलांच्या दप्तरांत पोहोचविल्या. उष्ण व शीत रंगसंगती, दुय्यम व विरोधी रंग ही परिभाषा त्याच वाटेने घरोघरी गेली.

प्रकाशाचे चक्र व रंगद्रव्याचे चक्र या दोन्ही घराण्यांचा तंटा ताथवड्याच्या वर्गात आजही चालतो. विज्ञानाच्या तासाला मुले न्यूटनची तबकडी गरगर फिरवून पांढुरकी छटा पाहतात, आणि चित्रकलेच्या तासाला तेच रंग वाटीत एकत्र करून चिखल मिळवितात. छापील चक्र पाठ करणाऱ्यास हा विरोध कधी जाणवत नाही. स्वहस्ते करणाऱ्यास पहिल्याच घरात जाणवतो. शेंदरी झाक असलेल्या लालात निळा घातला, तर त्या लालातील पिवळेपणा जांभळ्यास मारतो व तपकिरी, मळकट असे काही हाती येते. क्रिमझन घेतल्यास जांभळा बराच स्वच्छ उतरतो. भरतमुनींनी नील-रक्ताचे फल काषाय का लिहिले असावे, याचा एक संभाव्य उलगडा या बिघडलेल्या घरात मला दिसतो.

म्हणूनच चक्रास छत्रीचा, मोरपिसाचा वा रांगोळीचा आकार देण्याची जी मुभा हल्ली काही शिक्षक देतात, ती केवळ सजावटीची हौस समजू नये. मोरपिसाच्या आतल्या वलयांत पांढरा मिसळीत जावे लागते, आणि बारा घरांच्या चक्रात ज्यांना जागाच नव्हती, ते पद्म व कापोत तेथे आपोआप येऊन बसतात.