स्पेलिंग न जमणारा मुलगा आणि एका विद्याशाखेचा जन्म

१/ मार्च १८९६, फिलाडेल्फिया. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शाळाशिक्षकांसाठी चालणाऱ्या मानसशास्त्राच्या वर्गात मार्गारेट मॅग्वायर या शिक्षिकेने एक अडचण मांडली. चौदा वर्षांचा एक विद्यार्थी एरवी समंजस; पण साध्या शब्दांचे स्पेलिंगही त्याला जमत नसे. मानसशास्त्र हे मनाचे शास्त्र असेल, तर या मुलाच्या कामी ते का येऊ नये?

२/ समोर होते २८ वर्षांचे प्राध्यापक लाइटनर विटमर. लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांच्याकडे त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. त्या परंपरेतील प्रयोगशाळांत संवेदना आणि प्रतिक्रियेला लागणारा वेळ मोजला जाई. शाळेत अडलेल्या मुलासाठी तेथे तयार पद्धत नव्हती.

३/ विटमर यांनी मुलाची तपासणी केली. दृष्टीत दोष आढळला, चष्मा दिला गेला. पण अडचण पुरती सुटली नाही. मग शब्द ओळखण्याचा सराव सुरू झाला. त्याच वर्षी विद्यापीठात मानसशास्त्रीय चिकित्सालय उभे राहिले. ते जगातील पहिले मानले जाते.

४/ एकट्या प्राध्यापकाच्या बळावर हे काम चालणारे नव्हते. १८९७ च्या उन्हाळ्यात विटमर यांनी चार आठवड्यांचा अभ्यासक्रम घेतला. १९०७ मध्ये त्यांनी नियतकालिक काढले आणि पहिल्याच अंकात या नव्या क्षेत्राला नाव दिले: 'क्लिनिकल सायकॉलॉजी'.

५/ पुढे अमेरिकेत बालमार्गदर्शन केंद्रांची चळवळ पसरली. तिचा धागा मुंबईपर्यंत पोहोचला. १९३६ मध्ये सुरू झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने (आजची 'टिस') १९३७ मध्येच बालमार्गदर्शन केंद्र उघडले.

६/ दुसऱ्या महायुद्धाने दिशा पालटली. मानसिक आघात घेऊन परतलेल्या सैनिकांसाठी अमेरिकी सरकारने चिकित्सक घडवण्यास निधी दिला. १९४९ च्या बोल्डर परिषदेने संशोधन आणि उपचार यांची सांगड घालणारे डॉक्टरेटचे प्रशिक्षण ठरवून दिले. मात्र पैसा आणि रुग्ण दोन्ही प्रौढांच्या बाजूला होते. मुलांपासून सुरू झालेल्या शाखेत मुलांचे प्रशिक्षण मागे पडले.

७/ याची किंमत कोणती? मुलाच्या अडचणीचा अर्थ त्याच्या वयावर अवलंबून असतो. तीन वर्षांच्या मुलाचे अंथरूण ओले होणे स्वाभाविक. दहाव्या वर्षी त्याचे कारण शोधावे लागते. शिवाय मूल स्वतःहून दवाखान्यात येत नाही, त्याला कोणीतरी आणते. म्हणून घर आणि शाळा समजून घेतल्याखेरीज निदान अपुरे राहते. प्रौढांवर शिकलेल्या विद्यार्थ्याला हे आपोआप उमगत नाही.

८/ अखेर १९८५ मध्ये हवाई बेटांवरील हिलो येथे बाल-चिकित्सा मानसशास्त्रज्ञांच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र परिषद भरली. मॅग्वायर यांच्या प्रश्नाला तोवर ८९ वर्षे उलटली होती.