फेसाळ पेशींचे कोडे

रक्तात कोलेस्टेरॉल वाढले की ते रोहिणीच्या भिंतीत साठते, असे आपण वर्गात सांगतो. पण ते तेथील पेशींच्या आत शिरते कसे, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर? अमेरिकेतील डॅलस येथे काम करणाऱ्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९७० नंतरच्या दशकात याच प्रश्नाने अडवले होते, आणि गंमत अशी की ही अडचण त्यांच्याच शोधातून उभी राहिली होती.

कोलेस्टेरॉल रक्तातून एलडीएल नावाच्या मेद-प्रथिन कणांतून वाहून नेले जाते. हे कण पकडून आत ओढणारा ग्राही, म्हणजे पेशीपटलावरचे एक प्रथिन, या दोघांनी शोधून काढला. पेशीची गरज भागली की ती या ग्राहींची संख्या कमी करते. काही मुलांत हा ग्राही जन्मतःच नसतो. त्यांच्या रक्तात एलडीएल तुंबते आणि लहान वयात हृदयविकाराचा झटका येतो. येथवर सारे सुसंगत होते. पण या मुलांच्या रोहिण्यांतील महाभक्षक पेशी मात्र कोलेस्टेरॉलने ठासून भरलेल्या दिसत! सूक्ष्मदर्शकाखाली त्या साबणाच्या फेसासारख्या दिसतात, म्हणून त्यांना फेसाळ पेशी म्हणतात. दारच नाही, तर घर भरले कसे?

१९७९ मध्ये गोल्डस्टाइन, हो, बसू आणि ब्राऊन यांनी उत्तराचा पहिला धागा मांडला. उंदराच्या उदरपोकळीतील महाभक्षक पेशींना साधे एलडीएल दिले तर त्या ते फारसे घेत नसत. त्याच एलडीएलवर ॲसिटिल गट चढवले, की मात्र त्या अधाशासारख्या तुटून पडत. ॲसिटिल गटामुळे प्रथिनातील लायसिनचे धनभार झाकले जातात आणि कणावर ऋणभार वरचढ होतो. म्हणजे महाभक्षक पेशीवर आणखी एक, निराळाच ग्राही होता, आणि पोट भरले तरी तो दार बंद करत नव्हता. पुढे त्याला स्कॅव्हेंजर रिसेप्टर हे नाव पडले. आपण सफाई-ग्राही म्हणू.

शरीरात ॲसिटिल लावलेले एलडीएल सापडत नाही, हा आक्षेप रास्त होता. १९८० नंतरच्या दशकात त्याचे उत्तर मिळाले. रोहिणीच्या भिंतीत अडकलेल्या एलडीएलचे ऑक्सिडीकरण होते आणि असा ‘खराब झालेला’ कणही सफाई-ग्राही उचलतो.

ग्राहीची रचना कळायला १९९० उजाडले. एमआयटीमधील मॉन्टी क्रीगर, तात्सुहिको कोडामा आणि सहकाऱ्यांनी गाईच्या पेशींतील या प्रथिनाचा जनुकीय आराखडा मिळवला. त्यात चक्क कोलॅजेन निघाले, आपल्या स्नायुबंधांत आणि कातडीत असते त्याच धाटणीचे! एकसारख्या तीन साखळ्या एकत्र येऊन हा ग्राही बनतो. वर्गात दाखवायचे तर वेणीपेक्षा सुताचा तीनपदरी पीळ बरा. प्रत्येक साखळीचे आखूड टोक पेशीच्या आत असते. पटलाबाहेर प्रथम तिन्ही साखळ्या एकमेकींभोवती पिळलेला दांडा, आणि त्यापुढे कोलॅजेनचा पीळ. या पिळाच्या टोकाकडे लायसिनचे धनभार दाटीने बसलेले असतात. ऋणभारित माल तेथे चिकटतो. चिकटलेला माल पटलाच्या खळग्यातून आत जातो आणि लयकारिकेत त्याचे तुकडे होतात.

केवळ ऋणभार पुरत नाही, हे ध्यानात घ्यावे. पॉली-जी हा न्यूक्लिइक आम्लाचा धागा ग्राहीला चिकटतो, पॉली-ए चिकटत नाही, जरी दोघांवर ऋणभार असतो. पॉली-जीचे चार धागे एकत्र येऊन जो जाड खांब बनतो, त्यावरील भारांची मांडणी ग्राहीला जुळते. भार कोठे कसा मांडला आहे यालाही महत्त्व आहे.

१९७९ च्या शोधातील बसू म्हणजे संदीप बसू. ते भारतात परतले आणि पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेचे संचालक झाले. लेशमानिया हा परजीवी महाभक्षक पेशींतच दडतो. म्हणून बसू व सहकाऱ्यांनी औषधाचा रेणू सफाई-ग्राहीला आवडणाऱ्या प्रथिनाला जोडला आणि औषध थेट परजीवीच्या घरात पोचवले. हॅमस्टरवरील हे प्रयोग १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या दाराने रोग शिरतो त्याच दाराने औषध पाठवायचे, ही कल्पना मला स्वतःला या साऱ्या इतिहासात सर्वांत देखणी वाटते.

नंतर सफाई-ग्राहींचे कुटुंब वाढतच गेले. सीडी३६ हा त्यातलाच. पूर्वी रक्तबिंबिकांवरचे प्रथिन म्हणून तो माहीत होता. १९९३ मध्ये तो ऑक्सिडीकृत एलडीएल धरतो हे कळले. हिवतापाच्या परजीवीने बाधित तांबड्या पेशीही त्यालाच चिकटतात.

मग हे ग्राही बंद केले तर हृदयविकार टळेल का? १९९७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी पहिला ग्राही नसलेले उंदीर तयार केले. त्यांच्या रोहिण्यांतील रोगट भाग लहान राहिले, पण हे उंदीर लिस्टेरिया जीवाणू आणि हर्पिस विषाणू यांना अधिक सहज बळी पडले. जंतूंवरही असेच भारित रेणू असतात, आणि हा ग्राही त्यांचाही पहारेकरी होता. २००५ मध्ये अमेरिकेत हाच ग्राही किंवा सीडी३६ नसलेल्या उंदरांवर पुन्हा प्रयोग झाले. त्यांच्या रोहिण्यांत फेसाळ पेशी तरीही तयार झाल्या आणि रोगट भाग अपेक्षेप्रमाणे घटला नाही. घराला आणखीही दारे होती.