कोरेगावचे पदक

भीमा-कोरेगावचा स्तंभ आपल्या वाचकांस परिचित आहे. त्या लढाईच्या पदकाचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. 1 जानेवारी 1818 रोजी लढलेल्या शिपायांना त्यासाठी 33 वर्षे वाट पाहावी लागली. ईस्ट इंडिया कंपनीच्या 'आर्मी ऑफ इंडिया' या रौप्यपदकास 1851 साली मंजुरी मिळाली. फितीवर कोरेगावच्या नावाची पट्टी आणि पदकाच्या कडेवर शिपायाचे नाव असे. मात्र मंजुरीपूर्वीच वारलेल्यांच्या वारसांना ते मिळत नसे. विशीत लढलेल्या शिपायाने तोवर पन्नाशी ओलांडली होती!

स्तंभावर 'नाक' प्रत्ययाची 22 नावे आहेत. (हा प्रत्यय 'नाग' शब्दापासून आला की 'नायक' शब्दापासून, हा वाद येथे बाजूस ठेवू.) स्तंभ पडलेल्यांसाठी, पदक हयातांसाठी. जो धडधाकट परतला, वर्षानुवर्षे पलटणीत राहिला, पण 1851 पूर्वी वारला, त्याचे नाव आम्ही कोठे शोधावे? महारांची सैन्यभरती बंद झाल्यावर सेवानिवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 साली अर्ज तयार केला. त्यात त्यांनी पूर्वजांच्या ज्या सेवेचा दाखला दिला, तीत अशा अनामिकांचीही चाकरी होती.