देवाच्या डोहात महासीर सुखरूप

उन्हाळा लागला की सह्याद्रीतील बहुतेक नद्यांचा प्रवाह खुंटतो. पाणी उरते ते खडकातील खोल डोहांत, आणि पुढचा पाऊस पडेपर्यंत नदीतील माशांचा आसरा म्हणजे हे डोह. साहजिकच जाळे टाकणाऱ्याला मासे सर्वांत सहज सापडतात तेही येथेच. सुरुंग किंवा विष वापरले, तर अख्खा डोह एका दिवसात रिकामा होऊ शकतो. असे काही डोह देवाच्या नावाने राखले गेले आणि महासीरसारख्या मोठ्या माशाला तेथे अभय मिळाले.

पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात वैतरणेच्या पात्रात तिळसेश्वराचा डोह आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वरदायिनी देवीचे वाळणकोंड आहे. कर्नाटकात शृंगेरीला तुंगेच्या घाटावर हीच प्रथा दिसते. डोहातील मासे देवाचे, त्यांना कोणी धरायचे नाही, एवढाच संकेत. ही बंदी मुळात कायद्याची नव्हे, श्रद्धेची आहे. तरीही ती पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली.

तिचे मोल कळण्यासाठी पुण्याकडे पाहावे लागते. दख्खनच्या महासीरचे शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम सायक्स यांनी १८३९ मध्ये केले, ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. 'खुद्री' हे त्याचे शास्त्रीय नावही स्थानिक बोलीतूनच घेतलेले. त्याच पट्ट्यातून आज शहराचे सांडपाणी वाहते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात पश्चिम घाटातील गोड्या पाण्याच्या माशांच्या २९० प्रजाती नोंदवल्या आहेत. त्यांपैकी १८९ जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत.

राखीव डोहांचा खरोखर किती उपयोग होतो, याचे सविस्तर मोजमाप थायलंडमध्ये झाले. साल्विन नदीच्या खोऱ्यात न्गाओ नावाची उपनदी आहे. तिच्या काठच्या गावांनी १९९०च्या दशकापासून आपापल्या हद्दीतील छोटे पट्टे मासेमारीला बंद केले. अशा २३ पट्ट्यांचा अभ्यास २०२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लगतच्या खुल्या पात्राच्या तुलनेत तेथे प्रजाती २७ टक्क्यांनी जास्त, माशांची संख्या दुपटीहून अधिक आणि एकूण वजन तर २३ पटींहून अधिक भरले. वजनातील ही तफावत महत्त्वाची आहे; बंदी असली की मासे मोठे होतात आणि मोठी मादी अंडी अधिक घालते. मोठे पट्टे, कडक राखण आणि आसपास असेच आणखी पट्टे असतील, तेथे फायदा अधिक दिसला. हे सर्व कोणत्याही सरकारी आराखड्याविना घडले, हे विशेष.

डोह राखला म्हणजे मासा वाचला, असे मात्र नाही. पावसाच्या पहिल्या पुराबरोबर मासे अंडी घालण्यासाठी वरच्या अंगाला चढतात. हेच वलगणीचे मासे. कोकणात त्यांची वाट पाहिली जाते आणि अंड्यांनी भरलेल्या माद्या हौसेने पकडल्या जातात. देवाच्या डोहात आठ महिने सांभाळलेला मासा बाहेर पडताच जाळ्यात जाणार असेल, तर राखणीचा निम्मा लाभ वाया जातो. मध्ये बंधारा असेल, तर त्याची वाटच खुंटते. कर्नाटकातील शिशिल येथे १९९६ मध्ये कोणीतरी मंदिराच्या डोहात विष कालवले आणि हजारो महासीर मेले. तेथे आज त्या माशांचे स्मारक आहे. एकाच ठिकाणी मासे एकवटलेले असणे हा अशा डोहाचा गुण, आणि धोकाही तोच.

पैदास केंद्रातून पिले आणून सोडणे हा उपाय सोपा वाटतो. पण कावेरीचा अनुभव उलटा आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा कंपनीने १९७०च्या दशकात महासीरची कृत्रिम पैदास सुरू केली. तेथील खुद्री महासीरची पिले कावेरीत सोडली गेली. ती तेथे फोफावली आणि कावेरीचा स्वतःचा कुबडा महासीर झपाट्याने घटला. २०१८ मध्ये त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात झाली. मासा देशी असला तरी प्रत्येक नदीचा नसतो, हे तेथे उशिरा उमगले.

महाराष्ट्रात जुन्या श्रद्धेला कायद्याची जोड मिळाल्याचे उदाहरण आंबोलीत सापडते. हिरण्यकेशी नदीच्या उगमावरील महादेव मंदिराच्या परिसरात बोटभर लांबीही नसलेला एक मासा सापडला. त्याला नदीचेच नाव देऊन २०२० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. संशोधकांत तेजस ठाकरे यांचा समावेश होता. २०२१ मध्ये राज्य सरकारने तेथील २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. या माशाचा ज्ञात अधिवास इतका लहान आहे की, उगमाजवळच्या पाण्यात बाहेरचा एखादा शिकारी मासा सोडला गेला तरी तो संकटात येईल.