कॅमेरा कोणाच्या हातात आणि भूत कोण?

'फाउंड फुटेज' म्हणजे सापडलेलं चित्रीकरण. माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, मागे त्यांचा कॅमेरा सापडला आणि त्यात दिसलं तेच खरं, या बनावावर हे भयपट उभे असतात. आम्हाला इथे भुतापेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो. कॅमेरा कोणाच्या हातात आहे आणि भूत कोणाला केलं आहे?

१९८० साली रुजेरो देओदातो या इटालियन दिग्दर्शकाचा 'कॅनिबल होलोकॉस्ट' आला. यानोमामी या खऱ्याखुऱ्या आदिवासी समाजाचं नाव वापरून त्यात नरभक्षक रंगवले. खरे क्रूर ते शहरी चित्रपटवाले, असं सिनेमा शेवटी म्हणतो. पण आदिवासींना स्वतःचं म्हणणं मांडायला त्यात जागाच नाही.

१९९९ साली अमेरिकेत 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' आला. तीन गोरे तरुण एका चेटकिणीच्या दंतकथेवर माहितीपट करायला जंगलात जातात. ती बाई पडद्यावर एकदाही दिसत नाही. जिच्यावर आरोप, तीच गैरहजर!

आपल्याकडे २०१० साली दिबाकर बॅनर्जींचा 'लव्ह सेक्स और धोखा' आला. तो भयपट नाही, पण पहिल्या कथेइतकं भयानक काही भूतपटात नसेल. सिनेमा शिकणारा राहुल श्रीमंत घरातल्या श्रुतीशी पळून लग्न करतो आणि मुलीच्या घरचे दोघांचा खून करतात. त्यातला जातीचा उल्लेख सेन्सॉर बोर्डाने काढायला लावला. खून ठेवला, कारण गाळलं. जातिव्यवस्था अशीच अदृश्य केली जाते.

पुढच्याच वर्षी, २०११ साली, पवन कृपलानी यांचा 'रागिनी एमएमएस' आला. एक जोडपं आडबाजूच्या बंगल्यात जातं. मुलाने मुलीला न सांगता तिथे छुपे कॅमेरे लावलेले आहेत. बंगल्यातलं भूत मराठी बाईचं आहे आणि आपण चेटकीण नाही, असं ती मराठीतून सांगत राहते. सिनेमा हिंदी, पण भुताची भाषा आपल्या मायमावल्यांची. एका निर्दोष बाईची साक्ष प्रेक्षकाने दचकण्यासाठी वापरली गेली.

कोणी म्हणेल, मनोरंजन आहे, सोडा. आम्ही म्हणतो, सोडून चालणार नाही. एखाद्या बाईवर करणीचा संशय घेऊन तिला छळणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाल्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यात सहा महिने ते सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गावात हा संशय बहुधा कोणावर येतो? विधवा, एकटी, म्हातारी, भूमिहीन बाईवर. पडद्यावरची चेटकीण आणि गल्लीतली चेटकीण एकाच मानसिकतेतून जन्मतात.

म्हणून प्रतिनिधित्व म्हणजे सिनेमात आपला एखादा चेहरा असणं एवढंच नाही. आपली साक्ष खरी मानली जाणं, हे खरं प्रतिनिधित्व. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केलं ते याच हक्कासाठी. आपल्याबद्दल दुसऱ्यांनी काय लिहावं याची वाट त्यांनी पाहिली नाही.

आज मानोऱ्यापासून रिसोडपर्यंत आपल्या पोरांच्या खिशात कॅमेरा आहे. तो घेऊन रात्री मसणवट्यात भुताचे रील काढायचे, की कोणाला चेटकीण ठरवलं जात असेल तर त्या बाईचं म्हणणं तिच्या संमतीने नोंदवून पोलिसांपर्यंत न्यायचं? २२ प्रतिज्ञा घेणाऱ्यांच्या लेकरांना याचं उत्तर अवघड जाऊ नये. भूत नसतं. भूत ठरवलेला माणूस मात्र असतो, आणि त्याची बाजू त्याच्या जिवंतपणीच सापडली पाहिजे.

जय भीम!