कुत्र्याला उलट्या-जुलाब: घरी थांबायचं कधी आणि डॉक्टरकडे पळायचं कधी?

सकाळी उठून बघता तर हॉलमध्ये पिवळसर फेस पडलेला, आणि कुत्रा मात्र शेपूट हलवत तुमच्या हातातल्या पोळीकडे बघतोय. दुसऱ्या घरात एकच उलटी झालीये, पण कुत्रा पलंगाखालून बाहेर यायला तयार नाही. यातलं काळजीचं प्रकरण कोणतं? बहुतेक वेळा दुसरं.

आपण उलट्या किती झाल्या ते मोजत बसतो. डॉक्टर आधी कुत्र्याकडे बघतात. तो उठतोय का, पाणी पोटात टिकतंय का, वय काय, हिरड्यांचा रंग कसा, यावर पुढचं ठरतं.

हिरड्या बघणं घरीही जमतं. ओठ वर करा, हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरा झालेला भाग साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. त्याला जास्त वेळ लागला, हिरड्या फिकट, पांढऱ्या किंवा निळसर दिसल्या, तर तडक निघा. अनेक देशी कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, तेव्हा खालची पापणी ओढून आतला रंग बघा. हिरड्या कोरड्या आणि चिकट लागत असतील तर अंगातलं पाणी कमी झालंय. थर्मामीटर असेल तर गुदद्वारातून ताप मोजता येतो, पण कुत्र्याचं नॉर्मल तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपल्या हिशेबाने १०१ म्हणजे ताप, त्याच्या हिशेबाने नाही.

पिल्लू असेल तर वाट बघू नका

सहा आठवडे ते सहा महिने वयाचं पिल्लू, लसीकरण अपुरं, उलट्या, आणि घाण वास येणारे पातळ किंवा रक्ताचे जुलाब, असं चित्र दिसलं की पहिला संशय पार्व्होचा. हा विषाणू आतड्याच्या अस्तरावर आणि पांढऱ्या पेशींवर एकदमच हल्ला करतो. विषाणू मारणारं खात्रीचं औषध नाही, पण सलाईन, उलटी थांबवणारी इंजेक्शनं आणि जंतुसंसर्गावरची औषधं वेळेत मिळाली तर बरीच पिल्लं वाचतात. उपचाराविना बहुतेक दगावतात, तेही दोन-तीन दिवसांत. ‘उद्या सकाळपर्यंत बघू’ हे इथे सगळ्यात महागात पडतं. घरात दुसरं पिल्लू असेल तर लगेच वेगळं करा. नेहमीच्या फिनाईलने हा विषाणू मरत नाही, पाण्यात मिसळलेलं ब्लीच लागतं. लस सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू होते आणि सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस पुरे करावे लागतात. एक इंजेक्शन झालं म्हणजे झालं, असं नाही.

उलटीसारखं करतोय, पण काही येत नाही

जर्मन शेफर्ड, ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये पोट गॅसने फुगून त्याला पीळ पडू शकतो. कुत्रा अस्वस्थपणे फेऱ्या मारतो, उमाळे काढतो, बाहेर येते फक्त लाळ, आणि पोट ढोलासारखं ताणलेलं. आपली गॅसची गोळी देऊन उपयोग नाही. यात लगेच ऑपरेशन लागतं आणि तासाभराच्या उशिरानेही फरक पडतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं.

याउलट अडकलेली वस्तू फसवते. आंब्याच्या दिवसांत कोय, एरवी मोजा, मक्याचं कणीस, रबरी चेंडू. कुत्रा दोन दिवस मधूनमधून ओकतो, मध्ये बरा वाटतो, शी मात्र कमी होते किंवा बंदच. कोय एक्स-रेत स्पष्ट दिसेलच असं नाही, सोनोग्राफी लागू शकते. म्हणून ‘कोय गायब आहे’ ही माहिती डॉक्टरांना आधीच द्या.

काळी, डांबरासारखी शी म्हणजे वरच्या भागातून रक्त जातंय. नसबंदी न झालेली मादी, माज येऊन महिना-दोन महिने झालेत, आता ओकतेय आणि खूप पाणी पितेय, तर दोष पोटाचा नसून गर्भाशयात पू झालेला असू शकतो. या दोन्हींत त्याच दिवशी डॉक्टर.

काय खाल्लं ते माहीत असेल तर लक्षणांची वाटही बघू नका. चॉकलेट, द्राक्षं, मनुका (दिवाळीच्या फराळातल्यासुद्धा), झायलिटॉल असलेलं शुगर-फ्री च्युइंग गम, उंदराचं औषध. उंदराच्या काही औषधांचा परिणाम दोन ते पाच दिवसांनी दिसतो, तोवर कुत्रा ठणठणीत वाटतो. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, रक्तात मीठ वाढून जीव जाऊ शकतो. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा घरातली जुलाब थांबवायची गोळी मनाने देऊ नका.

मोठा, लसी झालेला, हिंडता-फिरता कुत्रा एक-दोनदा ओकला तर मात्र दिवसभर लक्ष ठेवायला हरकत नाही. पाणी थोडं थोडं द्या, वाडगाभर एकदम प्यायला तर पुन्हा ओकेल. मऊ भात आणि हाडं काढलेलं उकडलेलं चिकन, मीठ-मसाला-कांदा-लसूण काही नाही. दूध टाळा, जुलाब वाढतात. उलट्या २४ तासांत किंवा जुलाब दोन दिवसांत थांबले नाहीत, प्यायलेलं पाणीही बाहेर येऊ लागलं, किंवा कुत्रा मलूल झाला, तर घरचा प्रयोग संपला. म्हातारा कुत्रा किंवा आधीच किडनी, मधुमेहाचा त्रास असलेला असेल तर ही सवलत धरू नका.

जाताना उलटीचा-शीचा फोटो काढा (सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला नाही, डॉक्टरांना दाखवायला). सोबत लसीकरणाचं कार्ड आणि खाल्लेल्या वस्तूचं पाकीट घ्या. निघायच्या आधी फोन करा. पार्व्होचा संशय असेल तर तसं सांगा, म्हणजे पिल्लाला इतर कुत्र्यांपासून लांब कुठे ठेवायचं ते दवाखान्यातले लोक आधीच ठरवतील.