रिमोट चावी (मोटार)

रिमोट चावी म्हणजे मोटारीचे दरवाजे दुरून उघडण्यासाठी व बंद करण्यासाठी, तसेच बहुतेक मोटारींत इंजिन सुरू होण्यास अनुमती देण्यासाठी वापरली जाणारी इलेक्ट्रॉनिक चावी होय. बोलीभाषेत तिला नुसते ‘रिमोट’ असेही म्हणतात. तळहातात मावणाऱ्या प्लॅस्टिकच्या कवचात बटणे, सर्किट बोर्ड, बटण सेल आणि पुष्कळदा धातूचे पाते असे तिचे भाग असतात. सेल संपणे, बटण निकामी होणे, कवच फुटणे व आत पाणी शिरणे हे तिच्यातील नेहमीचे बिघाड आहेत. चावी काळजीपूर्वक उघडल्यास यांपैकी बहुतेक बिघाड दूर करता येतात.

रिमोट चावीच्या एकाच कवचात दोन निरनिराळी कामे चालतात. एक काम दरवाज्यांच्या कुलपाला रेडिओ संदेश पाठवण्याचे, तर दुसरे इंजिनाला चावीची ओळख पटवून देण्याचे असते. सेलची आवश्यकता पहिल्या कामाला असते. ओळख पटवणारा ट्रान्सपॉन्डर सेलशिवायही चालू शकतो. त्यामुळे सेल संपला तरी मोटार सामान्यतः सुरू करता येते. याउलट, चावी उघडताना ट्रान्सपॉन्डर हरवला, तर नवा सेल घालून दरवाजे उघडले तरी इंजिन सुरू राहत नाही. चावीच्या दुरुस्तीत हा भेद सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

इतिहास

दुरून उघडता येणारे कुलूप १९८२ मध्ये फ्रान्समधील रेनॉ कंपनीच्या ‘फ्युएगो’ या मोटारीत आले. ही यंत्रणा अवरक्त किरणांवर चालत असे. तिचे जनक पॉल लिपशुट्झ यांच्या नावावरून तिला ‘प्लिप’ असे नाव पडले आणि फ्रेंच भाषेत रिमोट चावीला आजही तोच शब्द वापरला जातो. अवरक्त किरणांसाठी चावी नेमकी ग्राहकाच्या दिशेने धरावी लागे. पुढे रेडिओ लहरींचा वापर सुरू झाल्यावर ही अडचण दूर झाली.

आरंभीच्या चाव्या प्रत्येक वेळी एकच सांकेतिक क्रमांक पाठवीत. तो क्रमांक हवेतून टिपून पुन्हा प्रक्षेपित केल्यास मोटार उघडता येई. यावर उपाय म्हणून प्रत्येक दाबाला बदलणारा संकेत वापरात आला. या प्रकारातील ‘कीलॉक’ ही प्रसिद्ध पद्धत १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत विकसित झाली व १९९५ मध्ये ती अमेरिकेतील मायक्रोचिप टेक्नॉलॉजी या कंपनीने विकत घेतली. मोटारचोरीला आळा घालण्यासाठी युरोपीय संघाने १९९८ पासून नव्या मोटारींत इममोबिलायझर, म्हणजे ओळख पटल्याशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा, बंधनकारक केली. तेव्हापासून चावीतील ट्रान्सपॉन्डर सर्वत्र रूढ झाला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस खिशातून न काढताच काम करणारी ‘स्मार्ट चावी’ही बाजारात आली.

रचना व कार्य

रेडिओ प्रक्षेपक: बटण दाबताच सर्किट बोर्डावरील सूक्ष्म स्विच बंद होतो, सेलमधून वीज वाहू लागते आणि प्रक्षेपक एक सांकेतिक संदेश पाठवतो. उत्तर अमेरिका व जपान येथे यासाठी बहुधा ३१५ मेगाहर्ट्झ, तर युरोप व भारतात ४३३.९२ मेगाहर्ट्झ ही वारंवारता वापरली जाते. म्हणून बाहेरून हुबेहूब सारखी दिसणारी, पण दुसऱ्या प्रदेशासाठी बनवलेली चावी निरुपयोगी ठरू शकते.

बदलता संकेत: चावी व मोटार या दोघांच्या स्मृतीत एक गणक असतो. प्रत्येक दाबाला चावीतील गणक पुढे सरकतो. मोटार आपल्या गणकाच्या थोडे पुढचे संकेतही स्वीकारते. लहान मुलाने मोटारीपासून दूर असताना चावीशी खेळत बटण असंख्य वेळा दाबले, तर गणकांतील अंतर मर्यादेबाहेर जाऊन चावी पुन्हा जुळवून घ्यावी लागते. बहुतेक चाव्यांत ही माहिती विजेशिवाय टिकणाऱ्या स्मृतीत साठवलेली असते. त्यामुळे सेल काढताच चावी सारे काही विसरते, हा समज सामान्यतः चुकीचा आहे. काही मोटारींत मात्र सेल बदलल्यानंतर जुळणीची छोटी कृती करावी लागते व ती मोटारीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

ट्रान्सपॉन्डर: हा ओळखक्रमांक धारण करणारा सूक्ष्म भाग होय. चावी घालण्याच्या जागेभोवती तारेचे वेटोळे असते. त्यातून साधारणपणे १२५ किलोहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. ट्रान्सपॉन्डर त्या क्षेत्रातूनच आपल्यापुरती ऊर्जा घेतो व उत्तर देतो. काही चाव्यांत तो काचेच्या बारीक नळीच्या किंवा सुमारे १२ मिलिमीटर लांबीच्या काळ्या तुकड्याच्या रूपात कवचातील वेगळ्या कप्प्यात बसवलेला असतो. इतर अनेक चाव्यांत तो सर्किट बोर्डावरच जडवलेला असतो.

स्मार्ट चावी: हिच्यात मोटारीकडून येणारा कमी वारंवारतेचा संदेश चावी सतत ऐकत असते. या ऐकण्यासाठीही सेल खर्च होतो. चावी मोटारीच्या अगदी जवळ कायम ठेवल्यास सेल लवकर संपण्याचे हेच कारण होय.

सेल

रिमोट चावीत प्रामुख्याने ३ व्होल्टचे लिथियम बटण सेल वापरतात. सेलच्या नावातच त्याचे माप दडलेले असते. ‘सी’ हे अक्षर लिथियम-मँगनीज डायऑक्साइड ही रासायनिक रचना, तर ‘आर’ हे अक्षर गोल आकार दर्शवते. त्यापुढील दोन अंक मिलिमीटरमधील व्यास व शेवटचे दोन अंक मिलिमीटरच्या दहाव्या भागातील जाडी सांगतात. यानुसार सीआर २०३२ हा सेल २० मिलिमीटर व्यासाचा व ३.२ मिलिमीटर जाडीचा, सीआर २०२५ हा २.५ मिलिमीटर जाडीचा, तर सीआर १६२० हा १६ मिलिमीटर व्यासाचा व २ मिलिमीटर जाडीचा असतो.

एकाच व्यासाचे सेल परस्परांऐवजी वापरणे योग्य नसते. पातळ सेल सैल बसतो व धक्क्याने संपर्क तुटतो. जाड सेल दडपून बसवल्यास संपर्कपट्ट्या वाकतात. पुनर्भारित होणारे त्याच आकाराचे सेलही टाळावेत, कारण पूर्ण भारित अवस्थेत त्यांचा विद्युत् दाब ४.२ व्होल्टपर्यंत पोहोचतो. मुलांनी सेल गिळू नये म्हणून काही उत्पादक त्यावर कडू लेप देतात. हा लेप काही उपकरणांत विद्युत् संपर्काच्या आड येतो. नवा सेल घालूनही चावी चालत नसेल, तर ही शक्यताही तपासावी.

नव्या सेलचा दाब मल्टिमीटरवर ३ व्होल्टच्या किंचित वर दिसतो. सेल क्षीण होऊ लागल्याची पहिली खूण म्हणजे चावीचा पल्ला कमी होणे. आधी लांबून उघडणारी मोटार मग जवळ गेल्यावरच उघडते, किंवा बटण दोन-तीनदा दाबावे लागते. थंड हवेत हा दोष अधिक जाणवतो.

चावी उघडण्याची पद्धत

चावी स्वच्छ, उजेडाच्या ठिकाणी, कडा असलेल्या ताटात किंवा फिक्या रंगाच्या कापडावर उघडणे सोयीचे असते. त्यामुळे निसटलेला भाग सापडतो. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेतल्यास जोडणीच्या वेळी सेलची बाजू व भागांचा क्रम चुकत नाही. बोर्डाला हात लावण्यापूर्वी एखाद्या धातूच्या मोठ्या वस्तूला स्पर्श करून अंगावरील स्थिर वीज घालवावी.

स्थिर पात्याची चावी: हिच्या कवचावर बहुधा एक बारीक स्क्रू असतो. तो काढल्यावर कडेच्या खाचेत चपट्या तोंडाचा लहान पेचकस घालून हलकेच पीळ द्यावा. या प्रकारात सुटा ट्रान्सपॉन्डर असण्याची शक्यता अधिक असल्याने कवचाचे दोन भाग झटका देऊन विलग करू नयेत.

पाते मिटणारी चावी: हिच्यातील सेलचे झाकण पुष्कळदा मागील बाजूस असते आणि सेल बदलण्यासाठी पूर्ण चावी उघडावी लागत नाही. पात्याच्या बिजागरीत पिळलेली स्प्रिंग असते. ती सुटल्यास पुन्हा बसवताना तिला पूर्वीइतकेच वेढे द्यावे लागतात. म्हणून केवळ सेलसाठी बिजागरीचा भाग उघडू नये.

स्मार्ट चावी: कडेची खिट्टी सरकवून आतील आपत्कालीन पाते बाहेर काढावे. पाते निघाल्यावर तेथे दिसणाऱ्या फटीत पेचकस घालून कवच उघडता येते. पेचकसाच्या टोकाला कापडाची किंवा चिकटपट्टीची घडी लावल्यास प्लॅस्टिकवर ओरखडे उठत नाहीत.

जुना सेल काढताना पेचकस बोर्डावर न टेकवता प्लॅस्टिकच्या खाचेतूनच सेल उचलावा. नवा सेल कडेने धरून, त्याच्या दोन्ही बाजू कोरड्या कापडाने पुसून, अधिक चिन्हाची बाजू पूर्वीप्रमाणे ठेवून बसवावा. कवच मिटण्याआधी बटणांचा रबरी पडदा व कडेची जलरोधक गोट आपल्या जागी आहे याची खात्री करावी.

यानंतरची चाचणी दोन भागांत घ्यावी लागते: प्रथम बटणांनी दरवाजे उघडतात का आणि मग त्याच चावीने इंजिन सुरू होऊन चालू राहते का. या चाचणीच्या वेळी मोटारीची एक काच खाली असावी व दुसरी चावी मोटारीबाहेर ठेवावी.

अन्य दुरुस्त्या

नवा सेल असूनही एखादेच बटण चालत नसेल, तर दोष बहुधा त्या बटणाखालील सूक्ष्म स्विचमध्ये किंवा त्याच्या निखळलेल्या डाखात असतो. डाख पुन्हा देऊन किंवा स्विच बदलून तो दूर होतो. सर्वच बटणे निकामी असल्यास सेलच्या संपर्कपट्ट्या तपासाव्यात. वाकलेली पट्टी किंचित उचलल्याने आणि तिच्यावरील गंज पुसल्याने पुष्कळदा चावी पुन्हा चालू लागते.

पावसात भिजलेल्या किंवा कपड्यांसोबत धुतल्या गेलेल्या चावीचे बटण दाबून पाहणे हानिकारक असते, कारण ओलसर बोर्डातून वीज वाहिल्यास धातूच्या रेषा झपाट्याने गंजतात. सेल त्वरित काढून, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करून तो पूर्णपणे वाळवावा. भट्टी किंवा प्रखर उष्णता टाळावी.

कवच फुटल्यास बाजारात नुसते रिकामे कवच मिळते. त्यात जुना बोर्ड, पाते व ट्रान्सपॉन्डर हे सर्व हलवावे लागतात. जुने पाते पिन काढून नव्या कवचात बसवता येते. तसे न झाल्यास नवे पाते कापून घ्यावे लागते. जुने कवच फेकून देण्यापूर्वी त्याचा प्रत्येक कप्पा तपासणे अत्यावश्यक असते. ट्रान्सपॉन्डर अनेकदा गोंदाने चिकटलेला असल्यामुळे रिकाम्या वाटणाऱ्या कवचातच राहून जातो. तो गमावल्यास नवा ट्रान्सपॉन्डर मोटारीला ओळख करून द्यावा लागतो. हे काम विशेष उपकरणांनी, अधिकृत सेवाकेंद्रात किंवा जाणकार चावीवाल्याकडेच होते आणि त्याचा खर्च सेलच्या किमतीच्या कितीतरी पट असतो.

सेल अचानक संपल्यास

स्मार्ट चावीतील आपत्कालीन पात्याने सामान्यतः चालकाकडील दरवाजा उघडता येतो. काही मोटारींत त्यासाठीची फट हँडलवरील झाकणाखाली लपलेली असते. त्यानंतर चावी इंजिनाच्या बटणाला टेकवून किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागी ठेवून इंजिन सुरू करता येते. अशा वेळी दरवाजा पात्याने उघडल्यामुळे चोरघंटा वाजू लागली, तरी इंजिन सुरू होताच ती बहुधा थांबते.

सुरक्षितता व विल्हेवाट

बटण सेल लहान मुलांसाठी अत्यंत घातक असतो. विशेषतः २० मिलिमीटर व्यासाचा सेल अन्ननलिकेत अडकतो. ओलसर ऊतींतून वीज वाहून ऋण ध्रुवाजवळ तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांतही गंभीर भाजणे होऊ शकते. चावीसाठी निरुपयोगी झालेल्या सेलमध्येही एवढी इजा करण्यापुरता दाब शिल्लक असतो. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी त्याला उलटी करवू नये आणि क्ष-किरण तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे. सेल बदलताना नवा व जुना असे दोन्ही सेल मुलांच्या हाती लागणार नाहीत, याची दक्षता घ्यावी. झाकण सैल झालेली चावी मुलांना खेळायला देऊ नये.

वापरलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावल्यास इतर धातूंशी स्पर्श होऊन तो तापण्याचा धोका टळतो. भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ लागू असून त्यांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या घरगुती कचऱ्यात न मिसळता संकलन किंवा पुनर्चक्रीकरणासाठी देणे अपेक्षित आहे.